इस्त्री केलेले लंगोट

परदेशी मदतसंस्थांच्या वार्षिक अहवालांत सगळं असतं. किती मुलांची वजनं घेतली, किती आयांना शिकवलं, गाड्या किती किलोमीटर धावल्या. आमचं तीन माणसांचं घर त्या अहवालात शेवटून दुसऱ्या पानावर, खर्चाच्या तक्त्यात, 'निवास व कौटुंबिक भत्ता' या ओळीत बसलं होतं. पुढची सगळी हकिगत त्या एका ओळीची आहे.

आफ्रिकेच्या आग्नेयेला मालावी नावाचा चिंचोळा देश आहे. त्याच्या दक्षिणेतलं ब्लँटायर शहर, तिथला पत्र्याच्या छपराचा एक जुना बंगला, आवारात आंबा आणि अव्होकाडो. कुपोषित बालकांसाठी काम करायला आलेली माझी बायको, नुकती पाऊल टाकायला लागलेली कन्या आणि कन्येमागे धावणारा मी. नेमणूक बायकोची होती. ती आधी मेळघाटात, धारणीला काम करायची, त्यामुळे कुपोषण तिला नवं नव्हतं. माझ्या व्हिसाच्या कागदावर 'अवलंबित' असा शिक्का होता आणि पगारी काम करायला मनाई. साताऱ्याला माझ्या आईने तो कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "पत्रिकेत एवढं कसं दिसलं नाही रे गुरुजींना?"

या क्षेत्रातली माणसं जगाचे दोन भाग करतात. एक, जिथे बायको-नवरा-पोरं नेता येतात. दुसरा, जिथे एकट्याने जायचं, काही आठवड्यांनी सुट्टी घेऊन बाहेर पडायचं आणि पोरांना फोनवर बघायचं. मालावी पहिल्या भागात. 1964 साली स्वतंत्र झालेला हा देश गरीब आहे, पण शांत आहे. त्यामुळे लग्नाआधी सुदान, येमेन गाजवलेली मंडळी मूल झालं की इकडची नेमणूक मागतात. त्यांच्या मेजवान्यांत पहिला तासभर कामाच्या थोर गप्पा होतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "पाळणाघर कुठलं बरं?" आणि खरी बैठक रंगते.

रुजू होताना विम्याचा एक फॉर्म भरायचा होता. त्यात लिहिलं होतं, की मूल गंभीर आजारी पडलं आणि इथे उपचार होण्यासारखे नसले, तर खास विमानाने जोहान्सबर्गला हलवलं जाईल. मी सही केली. बायकोने तोच फॉर्म दोनदा वाचला. तिचं सगळं काम ज्या आयांमध्ये होतं त्या सकाळी उजाडायच्या आत निघून, मूल पाठीला बांधून, दोन-तीन तास चालत आरोग्यकेंद्र गाठणाऱ्या होत्या. "आपल्या पोरीला विमान," एवढंच ती म्हणाली आणि तिनेही सही केली. पोटच्या पोरीसाठी कोण सही करणार नाही?

आम्ही पोहोचलो ते जानेवारी 2022 मध्ये. तेव्हाच 'आना' वादळाने शिरे नदीवरचं कपिचिरा जलविद्युत केंद्र निकामी केलं होतं. देशाच्या विजेतला जवळजवळ तिसरा हिस्सा एका झटक्यात गेला. दिवसातले कितीतरी तास वीज नाही, आणि नेमकं त्याच वेळी मला पुत्झी माशीबद्दल कळलं.

ही माशी वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरते आणि आठ-दहा दिवसांत तिथे मोठा फोड येतो. फोडाच्या तोंडावर एक बारीक छिद्र असतं, त्यातून ती श्वास घेते. उपाय एकच. बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायचा, शिवणीसकट. लंगोट, झबली, दुपटी, मोजे, सगळं. वीज नाही म्हणजे इस्त्री कोळशाची. शहराच्या लिंबे भागातल्या बाजारातून मी लोखंडी झाकणाची, आत निखारे भरायची इस्त्री आणली. असली इस्त्री मी शेवटची साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर पाहिली होती. आता मी स्वतः ओट्यावर उभा राहून, राख उडू नये म्हणून श्वास धरून, लंगोटाच्या घड्या मोडत होतो. आईने व्हिडिओ कॉलवर ते दृश्य पाहिलं आणि कॅमेरा बाबांकडे वळवला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "कॉलर जमते का?"

मुख्यालयातून एक सल्लागार पाहुणे आले होते. चार देशांचा अनुभव, दोन पुस्तकं. त्यांनी स्वतःचे मोजे आणि अंतर्वस्त्रं स्वतः धुऊन मागच्या दोरीवर टाकली. नोकरांकडून इस्त्री करून घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. नोकर नाही, मी करतो, असं मी सांगितलं, तर ते आणखीनच संकोचले. आठवड्याने त्यांना नीट बसता येईना. शेवटी आमच्या आमायीने त्यांना मागच्या व्हरांड्यात पालथं झोपवलं, फोडांवर व्हॅसलिनचा जाड थर दिला, अळ्या हवेसाठी तोंड वर काढेपर्यंत थांबली आणि मग दोन अंगठ्यांनी एकेक दाबून काढली. बाजूला कन्या उभी होती. प्रत्येक अळी निघाली की टाळ्या वाजवत होती. पाहुण्यांच्या अहवालात 'स्थानिक ज्ञानाचा आदर' असा एक स्वतंत्र विभाग होता, हे मी नंतर वाचलं.

आमायीबद्दल आधी सांगायला हवं होतं. ती आम्ही शोधली नाही, बंगल्याबरोबर आली. दुसऱ्याच दिवशी फाटकाशी "ओडी!" अशी हाक आली. दार वाजवण्याऐवजी तिथे अशी हाक देतात. पन्नाशीच्या आतली, ताठ कण्याची बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधीच्या मालकांची शिफारसपत्रं. मी घरी असताना आया कशाला, असं मी म्हणून पाहिलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बांबो, पाणी गेल्यावर विहिरीवरून कोण आणणार? म्बाउला कोण पेटवणार?" बांबो म्हणजे बाबा, साहेब; म्बाउला म्हणजे कोळशाची शेगडी. शेजारच्या घरातल्या एका अनुभवी बाईंनी नंतर समजावलं, की परवडत असून कामाला माणूस न ठेवणं इथे साधेपणा समजत नाहीत, कंजूषपणा समजतात. तेव्हा आमायी राहिली. मुलाखत झाली होती खरी, पण ती माझी.

तिला स्वतःचा एक मुलगा होता, कन्येहून जेमतेम काही महिन्यांनी मोठा. उशिरा झालेला. तो फलोंबेला, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, तिच्या आईकडे असायचा. आमायी चिलोब्वे वस्तीत भाड्याच्या एका खोलीत राहायची आणि महिन्यातून एकदा पैसे देऊन त्याला बघून यायची. पहिल्या दिवशी तिने हे सांगितलं तेव्हा कन्या तिच्या पाठीवर चितेंजे नावाच्या कापडात बांधलेली, गाढ झोपलेली होती. आम्ही ऐकलं, चहा घेतला, विषय पुढे गेला. या शहरातल्या प्रत्येक परदेशी घराच्या मागे अशी एक व्यवस्था होती. एका आईने बाहेर जाऊन दुसऱ्यांची मुलं जगवायची, म्हणून दुसऱ्या एका आईने तिचं मूल सांभाळायचं, आणि त्या दुसरीचं मूल कुठल्यातरी आजीने. आजीला पगार नाही. मदतकार्याच्या आराखड्यांत बाण काढलेले असतात, त्यात हा बाण मी कधी पाहिला नाही.

चितेंजे बांधायला मीही शिकलो. दोन मीटरचं छापील सुती कापड, मूल पाठीवर घ्यायचं, कापड त्याच्या बुडाखालून घेऊन छातीवर गाठ. बाजारात मी असा निघालो की बायका टोमॅटोचे ढीग सोडून हसायला यायच्या. एक म्हातारी, सगळे जिला अगोगो म्हणजे आजी म्हणायचे, ती एकदा न बोलता माझ्या मागे आली, गाठ सोडली, पोरीला दोन बोटं वर सरकवलं आणि पुन्हा कचकन बांधली. मग माझ्या पाठीत एक धपाटा घालून भाजीकडे परत गेली. त्या दिवसापासून मला भाव कमी लागायला लागला.

कन्येचं लसीकरण आम्ही सरकारी केंद्रातच करायचं ठरवलं. बायकोचा आग्रह. तिथे प्रत्येक मुलाची 'हेल्थ पासपोर्ट' नावाची पातळ वही असते, लशी, वजन, आजार सगळं त्यात, आणि आया ती जपून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणतात. रांगेत मी एकटाच पुरुष. तपासणी सुरू होण्याआधी तिथे गाणं होतं. परिचारिका सुरुवात करते, आया टाळ्या वाजवत उठतात, शेंगदाणे घालून लापशी कशी करायची, पाणी का उकळायचं, हे सगळं गाण्यात. मी खाली बसून राहिलो तर शेजारणीने कोपर मारलं. उठलो. टाळ्या वाजवल्या. कंबर हलवणं टाळलं, तर मागून हाळी आली, "बांबो!" कंबरही हलवली. आपल्याकडे अंगणवाडीत पोषण महिन्याला तक्ते टांगतात आणि साहेबांचं भाषण होतं. गाणं मला जास्त पटलं. लापशीचं प्रमाण अजून पाठ आहे.

फेब्रुवारी 2022 मध्ये राजधानी लिलोंग्वेत एका तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाल्याचं जाहीर झालं. मालावीत 1992 नंतर एकही रुग्ण नव्हता. 2020 मध्ये तर आख्खा आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त म्हणून जाहीर झाला होता. तपासणीत हा विषाणू पाकिस्तानातल्या जातीशी जुळला. मार्चमध्ये घरोघर डोस सुरू झाले. फाटकाशी निळी थंड पेटी खांद्याला लावलेल्या दोन मुली आल्या. आमच्या गल्लीतल्या काही परदेशी घरांनी त्यांना परत पाठवलं होतं, "आमची मुलं सगळं घेऊन आलीत" म्हणून. मी 'पोलिओ रविवार'च्या देशातला माणूस. भारतातला शेवटचा रुग्ण 2011 चा, आणि त्याआधी कित्येक वर्षं दर फेरीला आमच्या दारावर खडूची खूण असायची. मी कन्येचं तोंड उघडून धरलं, थेंब पडले, करंगळीला शाई लागली. मुलींपैकी एकीने विचारलं, "तुमच्या देशात गेला ना हा आजार? कसा घालवला?" मी म्हटलं, "असाच. दाराशी येऊन, परत परत." दुसरी म्हणाली, "मग पगार वेळेवर देत होते का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्या आशाताई त्यासाठी आझाद मैदानात बसतात, एवढं मला ठाऊक होतं.

जेवणाची गोष्ट निराळी. आमचं घर शाकाहारी. लिंबेत गुजराती दुकानदारांची पिढ्यान्पिढ्यांची दुकानं आहेत. सत्तरच्या दशकात, पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत, खेड्यापाड्यांतल्या आशियाई दुकानदारांना मोजक्या शहरांतच राहायची सक्ती झाली, तेव्हापासून हा व्यापार शहरांत एकवटला. तिथे आटा, हिंग, मोहरी, पोहे सगळं मिळतं. त्यामुळे कन्येसाठी रोज वरणभात, वर तूप. आणि ती जेवायची नाही. वजन मात्र छान वाढत होतं. बायको पोषणतज्ज्ञ असून तिला हे कोडं सुटेना. एका दुपारी मी मागच्या अंगणात गेलो, तर म्बाउल्यापाशी आमायी, रखवालदार आणि कन्या अशी पंगत बसली होती. न्सिमाचे गोळे, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत उसिपा. उसिपा म्हणजे मालावी सरोवरातले बोटाएवढे सुकवलेले मासे. कन्या मासा डोक्यासकट चावत होती. आमायी शांतपणे म्हणाली, "बांबो, ती आत जेवते ते तुमच्यासाठी. इथे जेवते ते पोटासाठी." बायकोने मुकाट्याने प्रथिनांचा हिशेब केला आणि निकाल आमायीच्या बाजूने दिला. साताऱ्याला कळवायचं नाही, असं ठरलं.

ते टिकलं नाही. व्हिडिओ कॉलवर आईने लाडू दाखवला तेव्हा कन्येने गुडघा वाकवला, दोन्ही तळव्यांची ओंजळ करून हळू टाळी दिली आणि "झिकोमो" म्हणाली. तिथली मुलं मोठ्यांचे आभार असेच मानतात. आई हरखली. "बघा, पोरगी नमस्कार करते! तुम्ही दोघांनी कधी केला नाहीत." आणि लगेच कन्येने पुढचा शब्द उच्चारला. "उसिपा." तो काय प्रकार आहे हे आईने कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या मुलाला फोनवर शोधायला लावलं.

तुरीचा किस्सा मला जास्त लक्षात आहे. फलोंबेहून येताना आमायी नेहमी एक पिशवी भरून नंदोलो आणायची. नंदोलो म्हणजे तूर, अख्खी, सालासकट. मालावीच्या दक्षिण भागात ती मक्यात आंतरपीक म्हणून घेतात, आणि बरीचशी भारतात जाते. तिची आई, जी आमायीच्या मुलाला सांभाळत होती, तीही पिकवायची. एकदा मी आमटीला फोडणी देताना आमायीने विचारलं, "त्या वर्षी तुमच्या लोकांनी तूर घेणं का बंद केलं?" कुठल्या वर्षी? 2017. ऑगस्टमध्ये भारताने तूर आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली होती आणि मालावीत भाव कोसळले. तिच्या आईला पोतं कवडीमोलाने विकावं लागलं, उरलेलं घरात खाल्लं. मला ते वर्ष आठवत होतं, पण दुसऱ्या बाजूने. आमच्याकडे मराठवाड्यात तुरीचं अमाप पीक आलं होतं, सरकारी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून खरेदी बंद. आमायीला ते सांगितलं. ती ढवळायची थांबली. "म्हणजे तिकडची म्हातारीही रडत होती," ती म्हणाली. नंतर भारताने मालावीशी करार केला, 2021 पासून पाच वर्षं, वर्षाला पन्नास हजार टन तूर घेण्याचा. माझ्या मते बायकोच्या संस्थेने त्या भागात वाटलेल्या लापशीच्या पिठाइतकंच त्या कागदाचं मोल असेल. तिला हे बोललो तेव्हा तिने एक संध्याकाळ अबोला धरला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जास्तच असेल."

बायकोचं काम दंडाच्या घेराभोवती फिरायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळं, वर हिरवं. ही पट्टी मेळघाट, नंदुरबारच्या अंगणवाडीताईंच्या पिशवीतही असते, आणि तीव्र व मध्यम कुपोषणासाठीचे 'सॅम', 'मॅम' हे शब्द तिकडेही तेच. लाल मुलाला चिपोंडे मिळतं. शेंगदाण्याचं कूट, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं मिसळलेली ही पेस्ट. एका पाकिटात 92 ग्रॅम आणि 500 कॅलरी. शिजवायला नको, पाणी नको, म्हणून खराब होत नाही. आधी अशा मुलांना आठवडेच्या आठवडे रुग्णालयात ठेवायला लागायचं. मार्क मॅनरी या अमेरिकी डॉक्टरने मालावीतच हे मूल घरी, आईच्या हातून बरं करता येतं हे दाखवून दिलं आणि ब्लँटायरमध्ये पेस्टचा कारखाना उभा राहिला. आमच्या घरात पट्ट्या इतक्या पडलेल्या असायच्या की कन्या त्या कपाळाला बांधून फिरायची. बाहुलीचा दंड, मांजराचा पाय, माझं मनगट, सगळं मोजून झालं होतं.

देणगीदारांच्या भेटीच्या दिवशी पाळणाघर बंद होतं, म्हणून मी कन्येला घेऊन केंद्रावर गेलो. तिथे छायाचित्रकार वैतागले होते. आयांना आदल्या दिवशी कळलं होतं की फोटो निघणार, म्हणून सगळ्या ठेवणीतली चितेंजे नेसून, मुलांना चर्चला जातानाचे झालर लावलेले फ्रॉक घालून आल्या होत्या. एकीने तर मुलाला टाय लावला होता. फोटोवाल्यांना रोजचे कपडे हवे होते. संमतीचा फॉर्म वाचून दाखवला तेव्हा एक आई म्हणाली, "आता नको. बरा झाला की काढा. तो फोटो मी भिंतीला लावीन." परिचारिकेने ते भाषांतर करून सांगितलं आणि सगळे पाय बदलत उभे राहिले. तेवढ्यात कन्या वजनकाट्याच्या टांगत्या चड्डीत जाऊन बसली, "झोका, झोका" ओरडत. छायाचित्रकाराने मला खूण केली, हिला बाजूला घ्या. तिचे गाल फोटोत चालणार नव्हते. आम्ही दोघं सामानाच्या खोलीच्या पडद्यामागे खोक्यांवर बसलो. 'पडद्यामागचे' हा शब्द मला चिकटला तो असा.

2022-23 चा कॉलरा आला आणि गेला असं म्हणवत नाही. सतराशेहून जास्त माणसं दगावली. जानेवारीत ब्लँटायरच्या शाळा उशिरा उघडल्या, पाळणाघर बंदच. बायको घरी यायची ती थेट मागच्या नळाशी, क्लोरीनच्या पाण्यात पाय. कन्येला तिच्याकडे झेपावू द्यायचं नाही, हे माझं काम. मला ते दिवस फारसे सांगायला आवडत नाहीत.

मार्चमध्ये फ्रेडी आलं. ऑस्ट्रेलियाजवळ फेब्रुवारीत जन्मलेलं हे चक्रीवादळ महिनाभराहून अधिक काळ जिवंत राहिलं, अख्खा हिंदी महासागर ओलांडून मोझांबिकवर दोनदा आदळलं आणि दुसऱ्या फेरीत दक्षिण मालावीवर येऊन थांबलं. आमच्याकडे पत्र्यावरचा आवाज इतका, की एकमेकांशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागे. सोचे डोंगराच्या उतारावरून चिखल आणि दगड चिलोब्वेवर आले. देशभरात साडेसहाशेहून जास्त मृत्यू नोंदले गेले, शेकडो माणसं सापडलीच नाहीत. आमायीचा फोन बंद. रखवालदार चालत चिलोब्वेला जाऊन आला, म्हणाला तिच्या खोलीची भिंत पडलीय, पण शेजारीण सांगते ती आधीच निघाली. कुठे? फलोंबेला. मुलाकडे. फलोंबेचे रस्ते वाहून गेले होते.

ती आली तेव्हा गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल होता आणि पाठीवर मुलगा. आजी सुखरूप होती, शाळेच्या इमारतीत, छावणीत. घर, मका, शेळ्या नाहीत. आमायीने फाटकातून "ओडी" म्हटलं, पाय धुतले, म्बाउला पेटवला. त्या दोघांना मागची खोली दिली. दोन्ही पोरांची दहा मिनिटांत मारामारी झाली, कन्येच्या बाहुलीवरून, आणि तो जिंकला.

संध्याकाळी कन्येने सवयीने त्याच्याही दंडाला पट्टी गुंडाळली. खेळच तिचा तो. बायको जवळून जाताना थांबली, खाली बसली, पट्टी नीट सरळ केली, पट्टीच्या खिडकीतून आकडा वाचला. पिवळा. बारा पॉइंट एक. तिने पट्टी काढून पुन्हा लावली, पुन्हा तेच. वादळाच्या एका आठवड्यात दंड एवढा उतरत नाही. हा पिवळा आधीपासूनचा होता, डिसेंबर ते मार्चच्या उपासमारीच्या महिन्यांचा, जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात उभा असतानाचा. त्या महिन्यांत केंद्रावरच्या रांगा सगळ्यांत लांब असतात, हे बायको दर वर्षी अहवालात लिहायची. आमायीने तिचा चेहरा वाचला. म्हणाली, "मॅडम, मला माहीत होतं."

रीतसर नोंद करायची तर आईने मुलाला केंद्रावर न्यायला हवं. नेलं. तो आमायीच्या पाठीवर, कन्या माझ्या. पिवळ्या मुलाला चिपोंडे मिळत नाही, मका-सोयाचं पीठ मिळतं, साठा असेल तर. साठा होता. गाणं झालं. कंबर हलवायला आता कुणी सांगावं लागत नव्हतं.

मग बायकोने आमायीला विचारलं, पगार किती वाढवू? आमायी म्हणाली, पगार वाढवू नका. 2022 च्या मेमध्ये सरकारने क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन केलं होतं आणि नंतरच्या महिन्यांत मक्याचे भाव चढतच होते. "पैसे वाढवाल, ते पुढच्या महिन्यात कमी होतील. मला दर महिन्याला पन्नास किलो मका द्या. भाव काहीही असो. आणि मुलगा इथेच राहील." बायकोने मान डोलावली. संस्थेच्या घरखर्चाच्या फॉर्मात 'मदतनीस, वेतन' असा रकाना होता, मक्याला रकाना नव्हता. हिशेबनिसाने तीन पत्रं पाठवली. शेवटी मी तो खर्च 'निवास, इतर' मध्ये घातला.

नोव्हेंबर 2023 मध्ये एका डॉलरला 1,180 क्वाचा होते ते एका रात्रीत 1,700 झाले. सकाळी शहरभर घरोघरच्या मागच्या अंगणांत पगाराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. आमायीने विषयसुद्धा काढला नाही. फक्त शेजारच्या बंगल्यातल्या तिच्या मैत्रिणीने त्या दिवशी आपल्या मालकिणीकडे दरमहा मक्याचं पोतं मागितलं, आणि त्या अनुभवी बाईंनी, ज्यांनी मला कंजूषपणाचा धडा दिला होता, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.